आबांची दुनळी

माळशिरसात सभापती येतात नि जातात, 'बंदूकवाले' ही पदवी मात्र हयातभर टिकते. आमच्या आबांना ती वडिलांमागं मिळाली, बाराबोर दुनळीसकट. परवाना पीकसंरक्षणाचा. उसात रानडुकरं शिरली की आबा त्यांना शिव्या देतात. काडतूस महाग पडतं.

बंदूक लागते ती दाखवायला. 2024 साली लोकसभेच्या आचारसंहितेत जमा केलेली दुनळी सोडवून आणली, तोच माउलींची पालखी आली. मग काय! मुक्कामाचे पाहुणे, जावई, जावयाचे साहेब, सगळ्यांनी नळीवर घामेजला हात फिरवून "वजनदार हाय की ओ!" म्हटलं. आणि बंदूक पावसाळाभर चामडी कव्हरात. चामडं ओल धरून ठेवतं, घामात मीठ असतं. विधानसभेला पुन्हा जमा करायची म्हणून कव्हर उघडलं, तर नळ्यांवर बोटांचे लालसर ठसे.

"आयला, तांबेरा पडला!"

उसावरचा असता तर औषध फवारलं असतं. इथं सल्ल्यांची फवारणी झाली. नातू म्हणाला, कोल्ड्रिंक ओता. भाच्यानं पॉलिश पेपर काढला. आबांनी काकूंचं ऐकलं (आयुष्यात पहिल्यांदाच) आणि उजव्या नळीला चिंच चोळली. नळीवरचं काळंनिळं ब्ल्यूइंग म्हणजे रंग नव्हे. तोही लोखंडाचा एक गंजच, पण सभ्य, आणि केसाहून कितीतरी पातळ. आंबटाला सभ्य-असभ्य कळत नाही. नळी घासलेल्या पातेल्यासारखी पांढरी निघाली.

डावी वाचवली गल्लीतल्या माजी सैनिकानं. आधी बंदूक मोडून आत काडतूस नाही ना, ते पाहिलं. मग शिवणयंत्राचं तेल लावून रात्रभर ठेवली. सकाळी चार शून्यांची, म्हणजे सगळ्यांत बारीक लोखंडी लोकर तेलात भिजवून अलगद फिरवली, बाळाची टाळू चोळावी तशी. काकूंनी भांड्यांची घासणी पुढं केली, तेव्हा त्यांना हातानंच थांबवलं. चिवट ठिपका होता, तिथं तेलातच तांब्याच्या ढब्बू पैशाची कड टेकवली. तांबं पोलादाहून मऊ, ओरखडा उठत नाही. चिंधीवर तपकिरी चिखल उतरला, नळी काळीची काळीच.

आता एक नळी काळी, एक पांढरी. आबा सांगतात, "वडलांनी मुद्दाम तशीच घडवून घेतली हुती."

माळशिरसला आलात तर आबांकडे चहाला जा. बंदूक काढतील. हात पुसून घ्या. डावी नळी अजून शाबूत आहे.