थांबण्याचे किती?

भाचीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिच्या सासऱ्यांच्या खिशात ज्योतिषाची चिठ्ठी होती: सकाळी 9 वाजून 12 मिनिटे, राजयोग. तिकडे डॉक्टरसाहेबांची दुपारी दुसऱ्या गावाला ओपीडी. म्हणजे सगळ्यांची वेळ ठरलेली; राहिलं होतं फक्त बाळ.

"काहून घाई करता बाप्पा? पहिलटकरीण हाय, वेळ लागतेच," माझी माय म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण? तिची सहाही बाळंतपणं बिनमुहूर्ताची. म्हणूनच तर तिच्या एका लेकाच्या नशिबी कापूस आला, दुसऱ्याच्या सोयाबीन!

"पाणी कमी झालंय, ठोके घसरू शकतात," साहेब म्हणाले. या वाक्यापुढे वाशीमातले भलेभले मुकाट सही करतात. वत्सगुल्म हे ज्या गावाचं जुनं नाव, तिथंही वत्साला आपल्या वेळेनं यायची सोय नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं 2019-21 मध्ये देशभर मोजलं: सरकारी दवाखान्यात शंभरातली 14 बाळंतपणं सिझरनं, खासगीत 47. दारावरची पाटी बदलली की बाईच्या कंबरेचं हाड अरुंद होतं, असं दिसतं.

खरंच अडलं तर सिझरसारखा देव नाही. मायलेकरू दोघं वाचतात. भांडण घाईशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्येच सांगितलंय की पिशवीचं तोंड 5 सेंटिमीटर उघडेपर्यंत गती मंद असू शकते. आई-बाळ ठीक असतील तर तेवढ्यावरून घाई नको. सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रम सांगतो, कळा सोसताना बाईजवळ तिचं माणूस राहू द्या. म्हणजे ठोके ऐकायचे, बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, भरायचा, बाईला चालवायचं, पाठ चोळायची आणि थांबायचं.

भाचीचं सिझर झालंच. मी बिल नीट वाचलं. ऑपरेशन, भूल, खोली, हातमोजेसुद्धा होते. 'थांबणे' ही ओळच नव्हती. जिन्नस दरपत्रकातच नाही, तर दुकानदार देणार कुठून?

न्यूयॉर्कचे डॉ. क्रेगिन 1916 साली म्हणाले होते, एकदा सिझर म्हणजे कायमचं सिझर. पहिलं सिझर जपून करा, हा त्यातला इशारा. आपण त्याला पुढच्या खेपेचं बुकिंग समजलो.

भाची टाके सांभाळत घरी आली. सासरे पंचांग उघडून दुसऱ्या नातवाचा मुहूर्त शोधायला बसले. माय म्हणाली, "व्याही, आंधी दिवस तं जाऊ द्या!"