साहेबीण आणि मावशी

प्रस्तुत लेखिकेने नर्सिंगची पदवी ब्रिटनमध्ये घेतली. नाशकातल्या अंबडमध्ये बातमी पसरली ती ‘पोरगी लंडनला शिकली’ अशी. विद्यापीठ लंडनपासून चांगले तीन तास लांब होते, पण लेखिकेने कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. नोकरीसाठी पहिला रेझ्युमे लिहायला घेतला तेव्हा त्यात ‘ग्लोबल एक्सपोजर’ पानोपानी सांडले होते.

काका एमआयडीसीत सुपरवायझर. अर्ज चाळण्यात हयात गेलेली. “फोटो कुठाय? जन्मतारीख?” भेदभाव नको म्हणून तिकडे फोटो, वय, लग्न यातले काही लिहीत नाहीत, हे तिने ऐटीत सांगितले. “मग माणूस ओळखतात कसा?” असे म्हणत काकांनी जात, उंची आणि ‘वरील माहिती खरी आहे’ एवढे घातले. कागद आता वधूवर सूचक मंडळात खपला असता.

बाबांचे दुःख निराळे. परदेशी पदवीला आधी भारतीय परिचर्या परिषदेची समकक्षता लागते, मग राज्याच्या परिषदेत नोंदणी. आणि राज्यभरच्या नर्सिंगच्या पदव्या देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशकातच! “नाशकातल्या नाशकात झालं असतं, ते विमानानं केलंस.”

अशा वेळी लेखिकेला आनंदीबाई जोशी आठवतात. तशा त्या तिला जरा जास्तच आठवतात. दोघी परदेशी शिकल्या, दोघींना नावे ठेवली गेली. आनंदीबाई डॉक्टर झाल्या, हा फरक ती चटकन ओलांडते. 1883 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. आपण प्रवेशाच्या सगळ्या अटींत बसणार नाही कदाचित, हे त्यांनी त्यात स्वतःहून सांगून टाकले, आणि सगळ्यांचा विरोध पत्करून इथवर आणणारा निर्धार पुढे केला. 1886 मध्ये पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली. पण फेब्रुवारी 1887 मध्ये, काम सुरू होण्याआधीच, त्या गेल्या. वय एकवीस.

तेवढ्या नितळपणे लिहायचे तर लेखिकेला काय लिहावे लागले असते? ब्रिटनमध्ये पदवीसाठी 2300 तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण लागते. त्यातले कितीतरी तास रुग्णाला आंघोळ घालण्यात, भरवण्यात, कूस बदलण्यात आणि बेडपॅन देण्यात जातात. “हे लिहू नकोस,” बाबा कळवळले. “इतके पैसे घालून वॉर्डातल्या मावशींचं काम शिकली म्हणतील.”

इथे मात्र लेखिकेचे डोके फिरले. अर्धांगवायूच्या रुग्णाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर पहिला लाल डाग उमटतो, तो फाइलमध्ये दिसत नाही. अंग पुसणाऱ्याला दिसतो. तिथेच थांबवला नाही तर त्याची हाडापर्यंत जाणारी जखम होते. ज्या हातांना हे सगळ्यात आधी कळते, त्यांची लाज वाटून घ्यायची?

नोंदणी झाल्यावर रेझ्युमे एका पानाचा झाला. उंची गेली, बेडपॅन आले.

मुलाखतीत मेट्रनबाईंनी तेवढेच वाचले. “कूस किती तासांनी बदलायची?”

“साधारण दर दोन तासांनी.”

“आणि रात्री तीस पेशंटना तुम्ही एकट्याच असाल तर?”

ब्रिटनचा कोणताच तास मदतीला आला नाही.

“सोमवारपासून या,” त्या म्हणाल्या. “आल्या आल्या आधी मावशींशी जमवून घ्या. वॉर्ड त्याच चालवतात.”