शाळा झाली, आता क्लास करा

काशी करून आलेल्या माणसाला आमच्या खानदेशात पहिला प्रश्न ठरलेला: प्रकाशाला जाऊन आलात का? तापी-गोमाईच्या संगमावरचं हे गाव म्हणजे दक्षिणकाशी. इथे आल्याशिवाय काशीचं पुण्य खात्यावर जमा होत नाही, अशी श्रद्धा. दहावीच्या विज्ञानाचंही हल्ली तसंच आहे. दिवसभर शाळा केलीत, छान केलंत. क्लास केलात का?

"काय भाऊ, पोऱ्याले क्लास लावा का नही?" असं विचारणाऱ्याचा पोऱ्या स्वतः दोन क्लासला जातो. विज्ञान भाग एकला एक सर, भाग दोनला दुसरे. लेखी गुण 40 अधिक 40, प्रात्यक्षिकाचे 20. हे 20 शाळेच्या हातात आहेत, म्हणून तर मुलं शाळेला अजून ओळख देतात.

क्लासमधलं विज्ञान एकदम शुद्ध. त्यात प्रयोगाची भेसळ नसते. परीक्षानळी सर फळ्यावर काढतात, मुलं वहीत उतरवतात, आणि आयएमपीवर चांदणी पडते. 'प्रकाशाचे अपवर्तन' तर तोंडपाठ: पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणून तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो. गावातच केदारेश्वराचा घाट आहे. तिथे पाण्याखालची पायरी अशीच वर आलेली दिसते. पाहुणा पोटरीभर पाणी समजून पाय टाकतो आणि गुडघ्यापर्यंत भिजतो. एका पोराने विचारलंच, "सर, घाटावर जाऊन बघू या का?" सर म्हणाले, "आकृतीला दोन मार्क आहेत. घाटाला किती?" पोरगं गप्प बसलं. हुशार निघणार.

सरकार झोपलेलं आहे असं मात्र कुणी म्हणू नये. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकाला खाजगी शिकवणी घेऊ देत नाही. म्हणून काही पाट्यांवर मॅडमचं नाव असतं. सर जेवण झाल्यावर शतपावलीला तिकडे वळतात, खिशात चुकून खडू असतो. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने कोचिंग सेंटरांना बजावलं, सोळा वर्षांखालची मुलं घेऊ नका, दहावीची परीक्षा होऊ द्या. पण कोचिंग सेंटर कशाला म्हणायचं? जिथे पन्नासहून जास्त विद्यार्थी आहेत, त्याला. झालं! आमच्याकडे प्रत्येक बॅच एकोणपन्नासची. शिवाय त्या पडल्या मार्गदर्शक सूचना, आणि 'मार्गदर्शक' आपण परीक्षेच्या आदल्या रात्रीच उघडतो.

फी दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता कारखान्याने उसाचं बिल काढल्यावर दिला तरी चालतं. एवढी माणुसकी आहे. पपईचा भाव व्यापारी पाडतो. क्लासचा भाव पाडायला व्यापारी येत नाही, आईबापच येतात, आणि ते भाव वाढवूनच जातात.

निकालानंतर स्टँडवर फ्लेक्स लागतात. नव्वद टक्केवाल्या एकाच पोराचा हसरा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर. शाळेचाही एक असतो, दोरीने बांधलेला, अर्धा झाडाआड.

बाप पेढे घेऊन क्लासवर गेला. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि लातूरचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. "दहावी म्हणजे काय हो, पाया. खरं विज्ञान अकरावीपासून. आणि हो, धाकटा सहावीत ना? फाउंडेशन बॅचला टाका. भाऊ-भाऊ असले की दहा टक्के सूट आहे."