मोठ्या माशाचा यजमान

अलास्कातल्या सिटका गावाला बाहेरून रस्ता येत नाही. विमानाने जा, नाहीतर बोटीने. तरी दर उन्हाळ्यात तिथल्या धक्क्यावर भल्या पहाटे एक ठरावीक माणूस हजर असतो. अंगात घडी न मोडलेला रेनकोट, डोक्याला माशाचं चित्र असलेली टोपी, कानामागे बोट लागू नये म्हणून चिकटवलेली औषधाची पट्टी. कधी तो मिनेसोटाचा दाताचा डॉक्टर असतो, कधी टेक्सासचा बिल्डर, आणि अलीकडे सिअ‍ॅटलकडे सॉफ्टवेअरमध्ये असलेला आपला एखादा जोशी किंवा सावंतही असतो. पोटापाण्याचा धंदा कुठलाही असो, जात एकच. हा किंग सॅमन धरायला आलेला चार्टरवाला.

चार्टर म्हणजे कप्तानासकट भाड्याने घेतलेली बोट. बहुतेक छोट्या बोटींवर सहाच पाहुणे, कारण कप्तानाचा परवानाच तेवढ्यांचा. बोट खाडीबाहेर पडते, एजकम्ब ज्वालामुखी ढगातून डोकं काढतो, एखादा देवमासा फवारा उडवतो. हा बघत नाही. हा कप्तानाला विचारतो, ‘‘काल किती पाउंडांचे लागले?’’

त्यानंतर काम सुरू होतं. अर्थात, दुसऱ्यांचं. डेकहँड हा बहुधा सुट्टीत पैसे कमवायला आलेला कॉलेजकुमार. तो हेरिंग मासा तिरका कापून गळाला लावतो, म्हणजे पाण्यात तो गिरक्या घेतो. त्याच्यापुढे चमचमणारी पट्टी बांधतो. दोरी डाउनरिगरच्या शिशाच्या गोळ्याला चिमट्याने अडकवून सत्तर-ऐंशी फूट खाली सोडतो आणि काठी खाचेत उभी करतो. कप्तान पडद्यावर माशांचे थवे बघत माणूस चालेल त्या वेगाने बोट हाकतो. आपला शिकारी कॉफी पितो.

मासा लागला की चिमटा सुटतो, वाकलेली काठी क्षणभर ताठ होते आणि दाणकन खाली जाते. डेकहँड ओरडतो, काठी उपसतो आणि पाहुण्याच्या हातात देतो. ‘‘टोक वर! गुंडाळ! आता सोड, जाऊ दे त्याला! गुंडाळ!’’ सत्यनारायणाला गुरुजी सगळं करतात आणि यजमानाने पळीला हात लावून ‘मम’ म्हणायचं असतं, त्यातलाच हा प्रकार. जाळं डेकहँड घालतो, टोला डेकहँड हाणतो, कल्ले कापून रक्त काढतो तोही डेकहँडच. पाहुण्याला जातीने करावं लागतं असं एकच काम उरतं. किंग ठेवला की लगेच आपल्या परवान्यावर शाईने नोंद करायची, कारण परराज्यातल्या पाहुण्याने वर्षाला किती किंग न्यायचे ते सरकार ठरवतं. ही नोंद तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करावी तशी करतो. मग फोटो. मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्याकडे शक्य तितका पुढे ढकललेला, स्वतः शक्य तितका मागे. डेकहँड फ्रेमबाहेर.

वजनाबाबत त्याला फेकता येत नाही, धक्क्यावर काटा असतो. म्हणून तो वेळेबाबत फेकतो. बोटीवर बारा मिनिटं चाललेली झुंज विमानतळावर पाऊण तासाची होते आणि ऑफिसात पोचेपर्यंत जेवायची वेळ टळून गेलेली असते.

लेस अँडरसन त्याला तोंडपाठ. 1985 मध्ये याच राज्यातल्या केनाई नदीत अँडरसनने गळाने धरलेला किंग 97 पाउंड 4 औंसांचा, म्हणजे 44 किलोंचा भरला. तो विक्रम अजून उभा आहे. मासा काट्यावर जाण्याआधी कित्येक तास बोटीत वाळत पडला होता, नाहीतर शंभरी गाठली असती, हे आपला माणूस स्वतःचे पावणेतीन पाउंड गेल्यासारखं हळहळून सांगतो. एवढाले किंग आता फारसे दिसत नाहीत, समुद्रात चार-पाच वर्षं काढून परतणारे थोराड मासे कमी झालेत, केनाईत तर अलीकडे किंगची गळमासेमारीच बंद ठेवावी लागली, हे कप्तान सांगतो तेव्हा मात्र त्याचं लक्ष रिळाकडे असतं.

आणखी एक गंमत त्याला कोणी सांगत नाही. अलास्काच्या या आग्नेय किनाऱ्यावर लागणाऱ्या किंगांपैकी पुष्कळ मासे मूळचे तिथले नसतातच. ते कॅनडाच्या, वॉशिंग्टनच्या, ओरेगनच्या नद्यांत जन्मलेले असतात आणि चरायला उत्तरेला येतात. म्हणजे सिअ‍ॅटलचा माणूस विमानाचं तिकीट काढून, हॉटेल घेऊन, आपल्याच राज्याच्या माशाला इतक्या लांब येऊन भेटलेला असू शकतो. थांबला असता तर वाचलेले मासे घराकडेच वळले असते.

आपला सावंत यात थोडा वेगळा निघतो. तो आधी कल्ला उचलून बघतो. आत्ताच डोळ्यांदेखत मेलेला मासा ताजा आहे ना, याची खात्री करून घेतो. धक्क्यावर डेकहँड सुरीच्या चार फटक्यांत दोन्ही बाजूंचं मांस सोडवतो आणि डोकं, काटा समुद्रात भिरकावतो. सावंताच्या तोंडून, इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही, शुद्ध मराठीत ‘‘अरे, अरे, डोकं!’’ निघतं. तोवर गरुडाने झडप घातलेली असते. दिवसभरात त्याला खरं दुःख होतं ते एवढंच.

शेवटी पन्नास पाउंडांचे खोके, विमानाच्या सामानाच्या मापाने भरलेले, गोठवलेले. घरी गॅरेजात त्यासाठी वेगळा फ्रीझर. खर्च भागिले किलो हा हिशेब बायको एकदाच मांडते. आकडा पाहून दोघंही पुन्हा त्या विषयावर बोलत नाहीत. डेकहँडची बक्षिसी त्या हिशेबात धरलेलीच नसते.

त्याने जेवायला बोलावलं तर जरूर जा. मासा खरोखर अप्रतिम असतो. फक्त ‘‘किती वेळ लागला धरायला?’’ असं विचारू नका, आणि विचारलंतच तर दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे ना, ते आधी बघा.