न्यूट्रल

मेव्हण्याने बोट घेतल्याची बातमी मला बायकोकडून कळली. ती बोट गिअरमध्ये अडकली तेव्हा मात्र कुणी सांगायची गरज पडली नाही. मी तिच्यातच बसलो होतो.

२०२४ साली वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि घोडबंदरचा वळसा टाळून माणसं स्कूटरसकट खाडी ओलांडू लागली. तेव्हापासून आमच्याकडे ज्याला त्याला पाण्यात धंदा दिसू लागला आहे. मेव्हण्याला किल्ला दिसला. "भावोजी, सगळे वसईचा किल्ला जमिनीवरून बघतात. मी खाडीतून दाखवणार." त्यासाठी त्याने मुंबईहून अठरा फुटी, जुनी, पांढरी स्पीडबोट आणली. विकणाऱ्याने म्हणे ती फक्त रविवारी चालवली होती. किती वर्षांचे रविवार, हे मेव्हण्याने विचारलं नव्हतं.

पाचूबंदरला बोट उतरली तेव्हा बघायला निम्मा कोळीवाडा जमला. तिथल्या होड्यांचं गणित सरळ असतं. डिझेल इंजिन होडीत, त्यातून निघालेला सरळ दांडा पाण्यात, दांड्याच्या टोकाला पंखा आणि मागे सुकाण. आमच्या बोटीचं इंजिन होतं पोटात, पण गिअर आणि पंखा होते पाठीमागे बाहेर लटकणाऱ्या एका धातूच्या पायात. वळायचं तर हा पायच वळतो, सुकाण नाहीच. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. १९५९ साली स्वीडनच्या व्होल्वो पेंटाने 'ॲक्वामॅटिक' नावाने तो बाजारात आणला, ही माहिती मेव्हण्याने जमलेल्यांना दिली. (आमचा पाय दुसऱ्याच कुठल्या घराण्यातला होता.) गर्दीत एक म्हातारे मामा होते. चाळीस वर्षं होड्यांची इंजिनं खोलून आता नातवंडं सांभाळणारे. ते पायाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "इंजिन घरात नि पंखा अंगणात. मधे भांडण होणार."

भांडण पंधरा दिवसांत सुरू झालं. गिअर काढायला दांडी मागे ओढली की इंजिन खोकायचं आणि बंद पडायचं. मेव्हण्याने पेट्रोलला दोष दिला, पंप बदलला, मग दुसरा पंप बदलला. वसईतले सगळे पंप संपून तो नालासोपाऱ्याकडे वळणार, इतक्यात तो रविवार आला.

त्या रविवारी आम्ही किल्ल्याला वळसा घालून परत येत होतो. ओहोटी लागली होती. धक्का जवळ आला, मेव्हण्याने वेग कमी केला आणि दांडी न्यूट्रलला ओढली. दांडी हलली नाही. त्याने दोन हातांनी ओढली. मग मी ओढली. मग दोघांनी मिळून ओढली. बोट शांतपणे धक्क्याकडे निघालेली. धक्क्यावर उभी असलेली माणसं प्रथम हात हलवत होती, नंतर तेच हात डोक्याला लावून पळाली. शेवटी मेव्हण्याने चावी फिरवली, चाक कापलं आणि बोट तिवरांच्या कडेला चिखलात जाऊन बसली. पुन्हा चालू करावी तर तीही सोय नाही. बोट गिअरमध्ये असेल तर स्टार्टर फिरतच नाही, सुरक्षेसाठी. आम्ही इतके सुरक्षित कधीच नव्हतो. पाणी उतरत गेलं आणि भरती येईपर्यंत आम्ही चिखलात सुरक्षित राहिलो.

अशा वेळी माणूस विचार करतो. मी वसईचा विचार केला. या गावाला गिअर पडायला वेळ लागत नाही, सुटायलाच लागतो. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इथेच इंग्रजांशी तह केला. त्याला फक्त होळकरांपासून वाचून पुण्याला जायचं होतं. गेला. पण इंग्रजांचा गिअर जो पडला, तो गादी जाईपर्यंत सुटला नाही. आणि बाजीरावाचं कशाला, मी स्वतः तीस वर्षं विरार लोकलने चर्चगेटला गेलो. त्या गाडीत बोरिवलीला उतरायचं म्हणून चढणाऱ्याचं काय होतं, हे मुंबईत सांगावं लागत नाही. आत घेतात. बाहेर सोडत नाहीत.

गुडघाभर चिखल तुडवत मामा आले. आम्ही दोघं तेव्हाही दांडीला लोंबकळत होतो.

"चावी काढली?" मामांनी पहिला प्रश्न विचारला.

"काढली."

"माझ्याकडे दे." चावी त्यांनी खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि मगच ते पंख्याजवळ गेले. "आता ओढू नका. नुसतं बोटांनी धरा." त्यांनी पंख्यात रुतलेला गाळ हाताने उकरला, पातं धरलं आणि बाळाचा पाळणा हलवावा तसं हळूच मागेपुढे केलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पायाच्या पोटात 'टक' झालं आणि दांडी माझ्या दोन बोटांत आपसूक मागे आली.

दोन पुरुषांना दीड तास जमलं नाही ते असं झालं, त्यामुळे आम्ही थोडे नाराजच झालो. मामा म्हणाले, "आत दातांत दात अडकलेत. भार असला की ते एकमेकांना सोडत नाहीत. तुम्ही ओढता तेवढे घट्ट. जोर लावून नाही सुटत, भार काढला की सुटतं."

मेव्हण्याने घरी जाऊन बोटीचं पुस्तक उघडलं, तर तिथेही हेच होतं. गिअर काढताना एक छोटा स्विच क्षणभर इंजिनाची ठिणगी तोडतो, इंजिन अडखळतं, दातांवरचा भार उतरतो, गिअर सुटतो. पण केबल जड झाली तर स्विच दबलेलाच राहतो आणि इंजिन मरतं. म्हणजे पंधरा दिवस बोट खोकून खोकून केबलचं दुखणं सांगत होती आणि आम्ही तिला वेगवेगळं पेट्रोल पाजत होतो.

दुसऱ्या दिवशी बोट बंदरावर ओढून घेतली. मामांनी इंजिनाशी दोन्ही केबली सोडल्या. दांडीकडून येणारी केबल लोण्यासारखी सरकली. पायात जाणारी हलेना. बोटीच्या पाठीतून ती बाहेर पडते तिथे रबरी भाता असतो. तो चिरला होता आणि खारं पाणी आत जाऊन केबल गंजली होती. मेव्हण्याने मुंबईला दारूखान्याच्या बाजारात हिंडून नवी केबल आणि नवा भाता आणला. आता पाय उतरवायचा, एवढंच बाकी होतं. मेव्हण्याने पुस्तक वाचायला घेतलं आणि त्याचा आवाज बारीक झाला.

"मामा, पाय उतरवण्याआधी गिअर फॉरवर्डमध्ये टाका, असं लिहिलंय."

मामांनी पाना खाली ठेवला. "काल काढला तोच?"

"तोच."

"म्हणजे काल अडकला होता तो बरोबर अडकला होता." मामांनी गिअर परत घातला. त्यासाठी लागलेल्या शिव्या कोणत्या पुस्तकात नव्हत्या.

बोट आता एका बोटाने गिअर सोडते. मला मात्र मामांचं ते वाक्य चढलं. भार काढला की सुटतं! मी ते घरात वापरून पाहिलं. बायकोशी वाद झाला की ओढणं बंद केलं आणि गप्प बसलो. तिने मला थर्मामीटर लावला.

मग बोरिवलीला भाचीचा साखरपुडा निघाला. त्या दिवशी मला चर्चगेटला पेन्शनचं काम होतं. बायको म्हणाली, "परत येताना बोरिवली लोकल धरा." मी विरार फास्ट धरली. बोरिवली आली. पूर्वी मी कोपरं चालवली असती. आता मी शरीर सैल सोडलं, दोन बोटांनी दांडा धरला आणि गर्दीचा भार उतरण्याची वाट पाहू लागलो.

भार खरोखर उतरला. अगदी अलगद, मामांनी सांगितल्यासारखा. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहात?" बायकोने विचारलं.

"घराच्या दोन स्टेशनं पुढे," मी म्हणालो.

विरार आलं होतं.