बिघडलं तर कोण येणार?

भोसरीत फुकट वस्तूकडे फार संशयाने बघतात. एखादा टूलवाला सॅम्पल म्हणून ड्रिल टेबलावर ठेवून गेला, तरी आमचे शेठ ते हातात घेण्याआधी विचारतात, “बिघडलं तर कोण येणार?” त्यामुळे हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने “मामा, लिनक्स फुकट आहे” अशी सुरुवात केली, तिथेच त्याचं निम्मं काम बिघडलं.

निमित्त मात्र खरं होतं. विंडोज १० ची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. अकरा टाकावं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला तर धड डाव्या बाजूचं झाकणही नाही. भंगारात द्यावा, तर कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामांवर २०२५ च्या फेब्रुवारीतच महापालिकेचा बुलडोझर फिरलेला.

गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, भाचा आला. ऑफिसात मी चलन, बिलं आणि डिस्पॅच बघतो. जीएसटी भरायची वीस तारीख जवळ आल्यामुळे अकाउंट्सच्या मॅडमही आल्या होत्या. भाच्याने व्याख्यान लावलं. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हे छंद म्हणून सुरू केलं. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने ‘परम ८०००’ उभा केला. आज जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवरच चालतात. तुमचा अँड्रॉइड फोनसुद्धा आतून लिनक्सच!

मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “पण त्यात टॅली आहे का?”

नव्हती. टॅली विंडोजसाठी बनलेली. “वाइन नावाचं एक आहे, त्याच्यावर कदाचित चालेल,” भाचा म्हणाला. ऑफिसात देवाचा फोटो असल्यामुळे त्या नावावर पुढे चर्चा झाली नाही.

तरी भाच्याने लिनक्स टाकलंच. एक कबूल करायला हवं, कॉम्प्युटर पळायला लागला. पूर्वी तो सुरू करून मी चहा सांगायचो, चहा यायचा, पिऊन व्हायचा, मग पडदा उजळायचा. आता चहा सांगेपर्यंत हा तयार. मराठी अक्षरंही सुबक दिसत होती. फक्त आमची जुनी कोटेशनं जुन्या फॉन्टातली. ती उघडल्यावर “सप्रेम नमस्कार”च्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची मारामारी दिसायला लागली. “हा लिनक्सचा दोष नाही, युनिकोड न वापरल्याचा आहे,” भाचा म्हणाला. खरंच होतं ते. पण पार्टीला कोटेशन पाठवताना खाली अशी तळटीप कशी टाकणार?

खरा घोळ पीडीआय, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीच्या, रिपोर्टने घातला. चाकणची एक कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक. नाव नको, पगार तिच्यावर निघतात. तिचा फॉरमॅट एक्सेलमध्ये, आत मॅक्रो. बटण दाबलं की रिपोर्ट तयार. लिब्रेऑफिसमध्ये बटण दिसलं, दाबलंही गेलं आणि तिथेच गप्प बसलं. रिपोर्टशिवाय माल गेटवरून परत येतो. टेम्पो तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमधून माघारी, तिकडे लाइन थांबली तर डेबिट नोट आमच्या नावावर. भोसरीतल्या माणसाने कुठली सिस्टिम वापरायची हे भोसरीत ठरतच नाही. ते चाकणला, सप्लायर क्वालिटीच्या टेबलावर ठरतं.

यावर भाच्याने जर्मनी काढली. म्युनिक म्हणजे बीएमडब्ल्यूचं गाव, थोडक्यात त्यांचं चाकण. तिथल्या नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं आणि पंधरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटर हलवले. “मग?” शेठनी विचारलं. मग २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचं ठरलं, हे त्याने जरा हळूच सांगितलं. लगेच केरळकडे वळला. तिथल्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात. आता हे मात्र मला पटलं, कारण तिथे सरकारने आधी मास्तरांना शिकवून तयार केलं. अडलं की विचारायला वर्गात माणूस हजर.

आमच्या पट्ट्यात नेमका तोच नाही. लिनक्स फुकट आहे हे भाच्याचं हुकमाचं पान, पण विंडोजला तरी इथे किती जणांनी पैसे मोजलेत? कॉम्प्युटर जोडून देणारा “सगळं टाकून देतो” म्हणतो, आणि त्या ‘सगळ्यात’ विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि न विचारता जुनी हिंदी गाणीही येतात. वर फोन केला की तो स्प्लेंडरवरून येतो. लिनक्सच्या मदतीला जगभर हजारो हुशार माणसं बसलेली आहेत म्हणे. त्यातलं एकही संध्याकाळी सहाला, प्रिंटर अडकलेला असताना, लांडेवाडीहून येत नाही.

शेवटी मॅडमनी त्या जोडून देणाऱ्यालाच फोन लावला. तो आला, खुर्ची ओढून बसला, माउस फिरवला. “भारी पळतंय की! कुठून आणलं? क्रॅक आहे का याचा?”

“क्रॅक लागत नाही. कायदेशीर आहे. कितीही कॉप्या करा, वाटा.”

“आणि गिऱ्हाइकाला लावायचे किती?”

“हवे तेवढे लावा. त्यालाही परवानगी आहे.”

त्याने पहिल्यांदाच भाच्याकडे आदराने बघितलं. मग शेठकडे वळून म्हणाला, “टॅलीसाठी शेजारी विंडोजपण राहू देतो. चालू करताना कुठलं पाहिजे ते निवडायचं. दोन्हीचे मिळून पाचशे.”

शेठनी घासाघीस केली नाही. मॅडमनी पाचशे रुपये टॅलीत ‘रिपेअर अँड मेंटेनन्स’खाली टाकले आणि बिल मागितलं. बिल नव्हतं.