उन्हाची वहिवाट

मे महिन्यातली दुपार. सांगलीचं ऊन असं तापलेलं, की गल्लीतलं कुत्रं गटाराच्या कडेला शवासनात पडलं होतं. दीड वाजता लाईट गेली. मी निर्धास्त. गच्चीवर सव्वातीन किलोवॅटचं सोलर बसवून महिनाच झाला होता. गल्लीतले सगळे पंखे थांबले तरी आपला फिरणार, म्हणून मी कॉटवर पडून कौतुकानं त्याच्याकडे बघत होतो. बघता बघता पाती मोजता यायला लागली आणि पंखा थांबला.

भिंतीपलीकडून शेजारच्या अण्णांचा आवाज आला, "काय साहेब, सूर्य मावळला वाटतं तुमचा?"

सोलर बसवणाऱ्या पोराला फोन लावला. "काका, लाईट गेली की आपलं सोलरपण बंद होतं. बोललो होतो की मी." बोलला असेलही, पण तेव्हा तो 'अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी' म्हणाला होता आणि त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नव्हतं. कारण मात्र बिनतोड निघालं. आपला इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनच्या तालावर चालतो. ताल थांबला की तोही हात आखडतो. न आखडला तर गच्चीवरची वीज उलटी तारेत जाणार, आणि तिकडे लाईन बंद आहे या भरवशावर वायरमन खांबावर चढलेला असणार. आता यावर चिडायचं तरी कुणावर? बॅटरी घेतली तर पंखा फिरतो, पण बॅटरीची किंमत ऐकून मी कॅलेंडरचा पुठ्ठा हलवायला घेतला.

तसा मी या भानगडीत पडलो तो बिलामुळे. महिन्याला तीनशे युनिटं जळायची. पहिली शंभर गरिबाघरची, त्यापुढची थेट सोनाराच्या दुकानातली. बिल साडेतीन हजारांवर गेलं तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली पंतप्रधान सूर्यघर योजना आठवली. एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन आणि त्यापुढे कितीही बसवा, ७८,०००. पोरानं ५४० वॉटच्या सहा पॅनेलचा हिशेब मांडला: उंच सांगाड्यासकट दोन लाख दहा हजार. ते आधी आपण मोजायचे. सबसिडी मागाहून बँकेत येते. म्हणजे एक लाख बत्तीस हजार, साडेतीन-चार वर्षांत फिटतात, आणि पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची. हमी संपेल तेव्हा मी ब्याऐंशीचा असेन. त्या वेळी पॅनेल माझी हमी मागेल की काय, ही शंका मी बोलून दाखवली नाही.

खरा विरोध आईचा होता. गच्चीवरच्या उन्हावर तिची चाळीस वर्षांची वहिवाट. दक्षिणेकडचा कोपरा कुरडयांचा, मधला पट्टा सांडग्यांचा, कठड्यालगत मिरच्या. पोराला नेमका दक्षिणेकडचा कोपरा हवा होता. तिला पटवावं म्हणून मी विज्ञान काढलं. सिलिकॉनच्या चकतीवर ऊन पडलं की आतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज वाहायला लागते. फिरणारं, खडखडणारं, तेल मागणारं काही नाही. गच्चीवर तयार होते ती डीसी, खाली इन्व्हर्टर तिची एसी करतो. घरात वापरून उरेल ती बाहेरच्या लाईनला जाते आणि नेट मीटर दोन्हीकडचा जमाखर्च ठेवतो. आइनस्टाइनला १९२१ चं नोबेल मिळालं ते सापेक्षतेबद्दल नव्हे, प्रकाशानं इलेक्ट्रॉन कसा सुटतो हे उलगडल्याबद्दल, असंही सांगून टाकलं.

"त्यांच्या गच्चीवर कुरडया होत्या का?" आईनं विचारलं.

पोरगा मोबाईलमधलं होकायंत्र धरून गच्चीभर फिरला आणि एका जागी खडूनं फुली मारली. आई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती. "तिथं नको. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तीननंतर तिथं नारळाची सावली येते. माझे सांडगे दोनदा बुरसलेत." पोरानं नारळाकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि फुली पुसून चार फूट अलीकडे मारली. ओळीत जोडलेल्या पॅनेलचं एकत्र कुटुंबासारखं असतं. एकाचं तोंड काळवंडलं की सगळ्यांच्या कमाईला खीळ बसते. पुढे त्यानं प्रत्येक नट आईला विचारून आवळला. शेवटी योजनेसाठी मालकाचा पॅनेलबरोबर फोटो लागतो म्हणाला. मी शर्ट खोचून उभा राहिलो. फोटोत मी आणि पॅनेल दोघंही दक्षिणेकडे बघतोय.

मग मला रोजची वीज मोजून दाखवणाऱ्या ॲपचा नाद लागला. एप्रिलमध्ये दिवसाला चौदा युनिटं. मेमध्ये ऊन वाढलं म्हणून सोळा-सतराची आशा धरली, तर तेरावर आली. पॅनेलला ऊन हवं असतं, पण उकाडा सोसत नाही; पंचवीस अंशांच्या वर अंग तापलं की दर अंशाला कामाला थोडी चाट. हा स्वभाव मी सरकारी नोकरीत तीस वर्षं जवळून पाहिलाय. पुढे आषाढ लागला. सगळी सांगली आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी किती फुटांवर आलं ते विचारत होती आणि मी आभाळाकडे बघून म्हणत होतो, "तीन! आज फक्त तीन!" बायकोनं ॲप उडवायला लावलं.

'शून्य बिल' म्हणतात तेही आलं. त्यात युनिटं शून्य, पण स्थिर आकार होताच. वीज घ्या न घ्या, ओळख ठेवल्याचे पैसे द्यावे लागतात. ओळख तोडूनही चालत नाही. रात्री पंखा त्याच ओळखीवर फिरतो.

या उन्हाळ्यात पुन्हा एका दुपारी लाईट गेली. आई खोलीत दिसेना म्हणून वर गेलो, तर आठ फूट उंच पॅनेलखाली तिनं जुनी लुगडी अंथरली होती आणि उडदाचे पापड मांडत होती. उडदाचा पापड सावलीत वाळवायचा असतो, कडक उन्हात तो चिरतो. हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. कुरडया अलीकडच्या पट्ट्यात उन्हात, पापड मांडवाखाली. "दोन लाखांचा मांडव," ती म्हणाली, "पण सावली चांगली घट्ट आहे."

जिन्यावर पावलं वाजली. डोक्यावर पंचा टाकून, दोन्ही हातांत पापडांची परात सावरत अण्णा वर येत होते.

"सूर्य राहू दे तुमचा," ते धापा टाकत म्हणाले, "सावली तेवढी द्या थोडी."